मागचं धूसर कर

मी लग्नाचे फोटो काढतो. गाण्यातलं मला ओ की ठो कळत नाही, आणि नेमकी हीच माझी पात्रता ठरली. परदेश दौऱ्यावर दाजींना असा फोटोग्राफर हवा होता, जो गाणं ऐकत बसणार नाही. शिवाय मी त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. तो नाही म्हणत नाही, आणि चुकला तर त्याला चारचौघांत झापता येतं. एवढ्या सोयी एकाच माणसात कुठं मिळतात?

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान, मोठे गवई. मोठे असं मी म्हणत नाही, ते म्हणतात. पंचाहत्तरीनिमित्त त्यांच्या परदेशातल्या गाण्यांचं एक फोटोंचं पुस्तक निघणार होतं. जाडजूड, गुळगुळीत कागदाचं, पाहुण्यांच्या समोर ठेवायचं आणि कुणी उघडायचं नाही, त्या जातीचं.

आम्ही पाच जण निघालो. दाजी, तबलजी, पेटीवाले काका, मी आणि माझी भाची. भाची ही दाजींची एकुलती एक लेक. गेली कित्येक वर्षं ती बापाच्या मागे तंबोरा घेऊन बसते आणि मधूनमधून त्यांच्या सुरात सूर मिसळते. आवाज असा भारदस्त, की फोनवर समोरचा माणूस तिला हटकून 'बोला साहेब' म्हणतो. निघायच्या आदल्या दिवशी बॅगा भरताना ताईनं दाजींना सगळ्यांसमोर कबूल करायला लावलं होतं, की शेवटच्या कार्यक्रमात अर्धा तास पोरीचा. ती पुढे बसणार आणि एकटी गाणार. दाजी म्हणाले, "अगं, अर्धा काय, तास घे म्हणावं!" दाजी अंगावर आलं की असे उदार होतात. ताई गुडघ्यामुळे येणार नव्हती. मला दारात गाठून म्हणाली, "तू आहेस म्हणून पाठवतेय. पोरीकडे बघ." मी म्हटलं बघतो. बघणं हाच माझा धंदा आहे.

पहिल्याच कार्यक्रमात घोडं अडलं. मी जरा शहाणपणा करून कॅमेरा बिनआवाजावर टाकला होता. म्हटलं, गाण्यात खटखट नको. कार्यक्रम संपल्यावर दाजी तणतणत आले.

"फोटो काढलेस की झोपला होतास?"

"काढले की, दाजी."

"मग मला कसं कळलं नाही? आवाज येऊ दे त्याचा. मी थांबायचं कधी?"

तिथून पुढे आमची मैफल शटरच्या तालावर चालू लागली. दाजींची तान वर निघाली की उजवा हात वर जायचा, पाचही बोटं पसरायची, अंगठीचा खडा बरोबर लेन्सकडे व्हायचा, आणि एक डोळा किलकिला होऊन माझा शोध घ्यायचा. मी कटकन दाबलं की हात खाली. नाही दाबलं तर दाजी पुन्हा तीच जागा घ्यायचे. समोरचे बिचारे डोलायचे. त्यांना वाटायचं, केवढी ही तपश्चर्या! तबलजी मध्यंतरात माझ्यावर डाफरला, "मामा, लवकर दाबत जा हो. काल तुमचं फोकस होईस्तोवर बुवांनी चार वेळा सम गाठली. मनगटं गेली माझी."

हा मला मामा का म्हणतो ते विचारू नका. दौऱ्यावर दोन दिवसांत मी सगळ्यांचाच मामा झालो होतो.

दुसरा हुकूम होता मागच्याचा. दाजींना कुणीतरी सांगितलं होतं की मोठ्या माणसांच्या फोटोत मागचं सगळं पुसट असतं. लेन्स उघडी ठेवली की पुढचा माणूस कोरल्यासारखा दिसतो आणि मागचं वितळून जातं. रोज कॅमेरा हातात घेतला की पाठीमागून आवाज यायचा, "मागचं धूसर कर रे!"

एकदा मी म्हटलं, "दाजी, मागे कोण बसलंय ते माहिताय ना?"

"भिंत आहे," दाजी म्हणाले.

भाची तिथेच बसून तारा जुळवत होती. तिनं मान वर केली नाही.

कुठं कुठं गायलो आम्ही! ग्रंथालयाच्या तळघरात गायलो, तिथं वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली तरी दाजींना वाटायचं दाद आली. एका शाळेच्या व्यायामशाळेत गायलो. तिथली चेंडू टाकायची जाळी बरोबर दाजींच्या डोक्यावर आली होती. मी सांगितलं, थोडं डावीकडे सरका. दाजी म्हणाले, मध्य म्हणजे मध्य. त्यामुळे त्या फोटोत दाजी टोपडं घातलेल्या बाळासारखे दिसतात. श्रोते कुठं भरपूर असायचे, कुठं हाताच्या बोटांवर. बोटांवर असले की आयोजक त्यांना विनवणी करून एका कोपऱ्यात दाटीवाटीनं बसवायचा, आणि मी तेवढाच कोपरा टिपायचा. लग्नातसुद्धा जेवायला बसलेल्यांना इतकं कुणी हलवत नाही.

रोजचे फोटो मी ताईला पाठवत होतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिचा फोन आला.

"अरे, माझी पोरगी कुठंय?"

"आहे की. दाजींच्या कानामागे बघ."

"ते होय? मला वाटलं पडदा आहे." मग म्हणाली, "तुला शरम नाही वाटत?"

आता मला सांगा, तीस वर्षं लग्नं केलेला माणूस मी. नवरीची आत्या फोटोत सुटली तर लोक अल्बम घेत नाहीत, घरापर्यंत भांडायला येतात. माणूस सुटू द्यायचा नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. आणि इथं मी सख्ख्या भाचीला रोज पडदा करत होतो, तेही पुस्तकासाठी. शरम वाटलीच. पण दाजींपुढे बोलणार कोण?

मग एक सुट्टीचा दिवस आला. आम्ही उतरलो होतो तिथं खाली कपडे धुवायची खोली होती. काचेच्या गोल दारामागे दाजींचे झब्बे गरगर फिरत होते, भाची वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती, आणि मी बाकड्यावर लॅपटॉप घेऊन फोटो निवडत होतो. दाजींना हवे तसे, हात वर, तोंड उघडं. एकेक मोठा करून बघत होतो.

माझी एक सवय आहे. मी चेहरा बघत नाही, गळा बघतो. निरोपाच्या वेळी नवरी रडणार की नाही, ते डोळ्यांत नंतर दिसतं, गळ्यात आधी. तिथली शीर फुगली की मी बोट टेकवून तयार. तर दाजींचा जबडा असा उघडलेला, की मागची कवळी दिसावी. आणि गळा? इस्त्री केल्यासारखा सपाट. मी पुढचा फोटो घेतला. तेच. त्याच्या पुढचा, तेच. सगळ्या वरच्या जागा, सगळे उंच हात, आणि गळ्यात काही म्हणजे काही चाललेलं नाही. मग दाजींच्या कानामागचा तो पुसट पडदा मी मोठा केला. पुसट असला तरी दिसत होतं. मान ताठ, शीर टरारलेली.

मी लॅपटॉप फिरवून भाचीकडे केला. "हे काय आहे गं?"

तिनं बघितलं आणि हातातल्या झब्ब्याची घडी पुरी केली. "मामा, बाबांना वरचा सा लागत नाही. दोन वर्षं झाली. ते तोंड उघडतात, मी लावते. त्यांच्या आवाजाखालूनच निघते, म्हणून सांधा कळत नाही."

"आणि कुणालाच माहीत नाही?"

"तबलजींना माहिताय. काकांना माहिताय. आयोजकांनाही कळलं असावं. तुम्हालाच नव्हतं."

"ताईला?"

"आईला पहिल्या दिवशी कळलं."

म्हणजे सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी, आणि मी एकटा गावभर 'वा दाजी, काय तो हात' करत हिंडत होतो. भाची माझ्या शेजारी बसली. म्हणाली, "हे त्यांना दाखवू नका. त्यांना वाटतं कुणाला कळत नाही."

"तुझा तो अर्धा तास?"

"तेवढाच बघतेय." तिनं सांगितलं की घराजवळच्या शाळेच्या ऑफिसात तिला नोकरी मिळत होती. परत गेल्यावर होय-नाही कळवायचं होतं. "अर्धा तास मिळाला तर नाही म्हणून सांगेन. नाही मिळाला तर तंबोऱ्याला खोळ घालते मामा, आणि जाते ऑफिसात. माझं वय काही मागे बसून वाढायचं थांबत नाही."

"आणि दाजींचं गाणं?"

"मी नसले की संपलं." हे तिनं अगदी हळू सांगितलं. मग म्हणाली, "पण ते देणार नाहीत. मी एकटी गायले की त्याच वरच्या जागा त्याच आवाजात लोक ऐकणार. कळणारच ना, वर कोण जात होतं ते."

मला दाजींचा असा राग आला म्हणून सांगू! एरवी मी त्यांच्यावर हसतो, ते वेगळं. हा पोटातून आलेला राग होता. 'मागचं धूसर कर' मध्ये मला फक्त मिजास दिसली होती. हा गृहस्थ स्वतःच्या लेकीचा गळा झाकून घेत होता, आणि झाकायला मला लावत होता.

शेवटचा कार्यक्रम मात्र खऱ्याखुऱ्या सभागृहात होता. लाकडी रंगमंच, मऊ खुर्च्या, मागच्या रांगेपर्यंत माणसं. आत आरशासमोर दाजी शाल कुठल्या खांद्यावर चांगली दिसते ते बघत होते. भाचीनं विचारलं, "बाबा, आज माझा अर्धा तास मध्यंतरानंतर ना?"

दाजी आरशातूनच म्हणाले, "आज नको गं. लोक माझ्यासाठी आलेत. असं कर, घरी गेलो की आपल्या लोकांत गा. मी स्वतः बसवतो तुला."

"बरं," भाची म्हणाली आणि तंबोऱ्याची तार पिळायला लागली. पेटीवाले काकांनी माझ्याकडे बघितलं. तबलजीनं हातोडी उचलली आणि काही न ठोकता परत ठेवली. त्या 'बरं'पेक्षा ती भांडली असती तर परवडलं असतं.

पूर्वार्ध नेहमीसारखा झाला. हात, खटका, हात, खटका. मध्यंतरात दाजी गरम पाणी पीत असताना मी शेजारी जाऊन बसलो. भांडून दाजी बधत नाहीत, हे मला ठाऊक होतं. ते एकाच गोष्टीला बधतात, आणि ती माझ्या गळ्यात लटकत होती.

"दाजी, पुस्तक झालं बघा. एकच फोटो राहिला."

"कुठला?"

"मुखपृष्ठाचा. गातानाचे सगळ्यांचे असतात हो. गल्लीबोळातल्या गवयाचाही असतो. पण खरा मोठा गुरू कसा दिसतो? पहिल्या रांगेत बसलाय, डोळे मिटलेत, शिष्य गातोय आणि हा नुसता ऐकतोय. चेहऱ्यावर हे असं समाधान. तो फोटो ज्याचा आहे तो मोठा."

दाजींनी पेला खाली ठेवला. मी त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवतोय हे त्यांना कळत होतं. पण झाडावरून दिसतं छान.

"शिष्य कोण आणणार आत्ता?" ते म्हणाले.

"ती आहे की. पाच मिनिटं, फोटोपुरती. वर वगैरे जाऊ नको म्हणावं."

दाजी विचारात पडले. मग म्हणाले, "शाल कुठल्या खांद्यावर?"

मी आयुष्यात पुष्कळ नवरदेवांना उभं केलं, बसवलं, हसवलं. पण दाजींइतक्या मनापासून कुणी बसलं नव्हतं. पहिल्या रांगेत, मध्य म्हणजे मध्य. माइकवरून त्यांनी स्वतःच सांगून टाकलं होतं, की माझी मुलगी आता दोन मिनिटं गाईल, सांभाळून घ्या. डोळे मिटले, हनुवटी वर, चेहऱ्यावर समाधान चढवलं. मी भाचीच्या कानात पुटपुटलो, "तुझा अर्धा तास सुरू झाला. दाजी डोळे उघडत नाहीत तोवर गा. ते मी बघतो." तिनं माझ्याकडे असं बघितलं, की मलाच धडकी भरली. मग बापाच्या जागेवर जाऊन बसली.

मी दाजींच्या खुर्चीच्या बाजूला, जरासा मागे, तिरका उभा राहिलो; तिथून रंगमंचही दिसत होता आणि दाजींच्या चेहऱ्याची कडही. दाजींचे डोळे मिटलेले, म्हणजे त्यांच्याकडे उरले फक्त कान. खटका ऐकू येतोय तोवर त्यांचा फोटो निघतोय. मी कॅमेरा सरळ भाचीवर रोखला आणि दाबत सुटलो. खटक, खटक. दाजींचं समाधान जागचं हललं नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मध्ये एकदा दाजी ओठ न हलवता म्हणाले, "झालं का?" मी म्हटलं, "प्रकाश जरा बदललाय दाजी, हलू नका." खटक, खटक. एका मिटल्या डोळ्यांच्या माणसाचे एवढे फोटो कुणी काढतं का? पण मिजास असली की हिशोब सुचत नाही.

आणि मग ती वर गेली.

मला गाण्यातलं कळत नाही, हे मी आधीच सांगितलंय. काय लागलं आणि कसं लागलं ते तबलजीला विचारा. मला एवढंच दिसलं, की मान ताठ झाली, शीर टरारून आली, आणि जे दोन वर्षं पुसट होतं ते सगळं लख्ख समोर होतं. दुसऱ्या रांगेतल्या एका बाईंनी चमकून आधी तिच्याकडे बघितलं, मग दाजींच्या पाठीकडे. मग शेजारच्या माणसाच्या दंडाला हात लावला. कळलं त्यांना. एकाला कळलं, दुसऱ्याला कळलं, मला ते रांगेरांगेनं सरकताना दिसत होतं. माझी पाचावर धारण बसली. आता दाजी उठतात, आता शाल सावरत वर चढतात आणि पोरीला उठवतात, असं वाटून मी डोळे दाजींवर लावून उभा होतो.

त्या गडबडीत माझ्या लक्षात आलं, की माझं बोट कधीचं थांबलंय. खटका नव्हता. किती वेळ नव्हता, देव जाणे. आणि दाजी उठले नव्हते. चेहऱ्यावर चढवलेलं ते समाधान गळून पडलं होतं, हनुवटी छातीकडे आली होती, मऊ पडलेला म्हातारा चेहरा, आणि गळ्यात, बापरे, गळ्यातली शीर फुगलेली. आवाज नाही, काही नाही. माणूस आतल्या आत तिच्याबरोबर वर चढत होता. ती टोकाला पोचली, आणि दाजींचा उजवा हात वर गेला. अंगठीचा खडा कुठल्या कुठं फिरला होता.

मी एकच फोटो काढला. दाजींनी डोळे उघडले नाहीत.

ती अर्धा तास गायली की तास, कुणी मोजलं नाही. संपल्यावर टाळ्या थांबेनात. दाजी उठले, आणि वर न जाता तसेच आत निघून गेले. उत्तरार्ध झालाच नाही.

दुसऱ्या दिवशी विमानाची वाट बघत खुर्च्यांवर बसलो होतो, तेव्हा दाजींनी हात पुढे केला. "दाखव मुखपृष्ठ."

माझ्याकडे दाजींच्या त्या समाधानाचा एकही फोटो नव्हता. काय करणार? तोच एक लावून कॅमेरा त्यांच्या हातात दिला. मधोमध भाची, केसन् केस स्पष्ट. आणि पुढे कडेला, पुसट, वर गेलेला एक हात.

दाजींनी चष्मा वर केला, खाली केला. "हा हात कुणाचा?"

"तुमचा, दाजी."

"मी कधी केला वर?"

दाजींनी कॅमेरा डोळ्यांजवळ नेला. भाची समोर बसून तंबोऱ्याच्या खोळीची नाडी उगाच गुंडाळत होती, सोडत होती. नोकरीचं काय ठरलं ते मी विचारलं नव्हतं. आमच्यातल्या कुणीच विचारलं नव्हतं.

"अंगठी तरी नीट यायला हवी होती," दाजी शेवटी म्हणाले.

"पुढचं धूसर झालंय, दाजी."

"दिसतंय मला." त्यांनी कॅमेरा परत दिला. "हाच छाप. नाव तिचं वर टाक. माझं खाली. लहान." मग घाईघाईनं, "अगदीच लहान नको रे. वाचता आलं पाहिजे."

आमच्या विमानाची सूचना झाली. सगळे उठले. भाचीनं सवयीनं तंबोऱ्याकडे हात नेला, तर दाजी मध्ये आले. "सोड, मी घेतो. गाणाऱ्यानं ओझी उचलायची नसतात. आणि घरी गेल्यावर मला हा जरा जुळवायला शिकव, तुझ्या मागे बसायचं तर बोटं विसरलीत."

भाची तशीच उभी राहिली. तिला एकदम हुंदका आला आणि तिनं तो खोकल्यासारखा केला. शाल घसरतेय, खांदा वाकलाय, तंबोरा दारात अडतोय, असे दाजी रांगेत शिरले. कित्येक वर्षांत त्यांनी तो उचलला नव्हता, ते दिसतच होतं. माझा हात कॅमेऱ्याकडे गेला. दाजींना पाठीलाही डोळे आहेत. वळून न बघता म्हणाले, "ए, ह्याचा फोटो नको."

मी लेन्सला झाकण लावलं आणि त्यांच्या मागून चालायला लागलो.